प्रतिष्ठापित गार्नेट-नॅनोकण आणि चुंबकीय उष्णोपचार : एक चिकित्सा

एखाद्या पदार्थाविषयी प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांची संख्या आणि त्या पदार्थाविषयी आपणांस झालेले ज्ञान यांची वाढ नेहमी सारख्याच प्रमाणात होते असे नाही. लोह-गार्नेटाच्या नॅनोकणांचा कर्करोगावरील चुंबकीय उष्णोपचारासाठी उपयोग करण्याचा विषय या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत या विषयावर बरेच लेखन झाले. त्यांपैकी पुष्कळ निबंधांची मांडणी ठरावीक साच्याची असते. प्रारंभी रोगाच्या भीषणतेविषयी एक परिच्छेद. मग संश्लेषणाची कृती. क्ष-किरण विवर्तनाचा आलेख. सूक्ष्मदर्शकातून घेतलेले छायाचित्र. सामान्य तापमानास काढलेला चुंबकन-वक्र. आणि अखेरीस, हा पदार्थ उष्णोपचारास उपयुक्त ठरेल अशी आशा व्यक्त करणारे एक वाक्य. प्रस्तुत लेखात त्या अखेरच्या वाक्याचीच परीक्षा करावयाची आहे. आधीचे सारे काम निर्दोष असूनही हे वाक्य निराधार असू शकते. आणि पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रबंधाचा विषय बहुधा याच वाक्यावरून निवडतो, म्हणून ही परीक्षा अगत्याची आहे.

१. दोन स्वतंत्र प्रवाह

१९५६ साली ग्रनोबल येथे बर्तो आणि फोरा यांनी इट्रियम लोह-गार्नेटाचा शोध लावला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेलर आणि गिलिओ यांनीही त्याची रचना व चुंबकीय गुणधर्म स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. योगायोग असा की, त्याच १९५७ साली शिकागो येथील शल्यचिकित्सक गिलख्रिस्ट व त्यांचे सहकारी यांनी लसिका-ग्रंथींत लोह-ऑक्साइडाचे सूक्ष्म कण पोहोचवून ते १.२ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या प्रत्यावर्ती चुंबकक्षेत्राने तापविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही विचारांचा जन्म असा जवळजवळ एकाच वेळी झाला. तथापि पुढील अनेक वर्षे त्यांची भेट झाली नाही.

ही भेट लांबली याचे कारण समजण्यासारखे आहे. इट्रियम लोह-गार्नेटाची ख्याती झाली ती सूक्ष्मतरंगांच्या उपकरणांत, आणि तीही त्यात ऊर्जेचा व्यय अत्यल्प होतो म्हणून. त्याची चुंबकीय विषमदिक्‌ता लहान आहे. घनमीटरास सुमारे ६१० जूल. मॅग्नेटाइटाच्या बाबतीत हाच आकडा ११ ते १३ हजारांच्या घरात जातो. ज्या पदार्थाचा गौरव तो तापत नाही म्हणून झाला, त्याच्याकडूनच आता आपण उष्णतेची अपेक्षा करीत आहोत. कंप्रतेच्या दोन अगदी भिन्न पट्ट्यांतील वर्तन एकच असते असे नाही, हे खरे. पण ही विसंगती निबंधलेखकाने निदान लक्षात घ्यावयास हवी होती. बहुतेक ठिकाणी तिचा उल्लेखही आढळत नाही.

मग गार्नेटाचा विचार करावाच का? याचे सयुक्तिक उत्तर एकच आहे. उष्णोपचारात अर्बुदाचे तापमान साधारणतः ४२ ते ४५ अंश सेल्सिअस इतके ठेवावयाचे असते. त्याहून वर गेल्यास निरोगी ऊतींनाही इजा होते. कणांचे क्यूरी तापमानच जर या मर्यादेच्या थोडे वर आणून ठेवता आले, तर त्या तापमानाजवळ पोहोचताच कणांचे चुंबकत्व क्षीण होईल व तापणे आपोआप थांबेल. मॅग्नेटाइटाचे क्यूरी तापमान सुमारे ५८५ अंश असल्यामुळे त्याला हा स्वयंनियमनाचा गुण नाही. गार्नेटात मात्र लोहाच्या जागी अन्य आयन बसवून, ज्यास आपण प्रयोगशाळेत डोपिंग म्हणतो त्या प्रतिष्ठापनाने, क्यूरी तापमान खाली आणता येते. २००१ साली ग्रासे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम-प्रतिष्ठापित इट्रियम लोह-गार्नेटाच्या कणांचा वैद्यकीय उपयोगाच्या दृष्टीने जो अभ्यास केला, त्याच्यामागे हीच कल्पना होती. म्हणून गार्नेटाविषयीच्या प्रत्येक दाव्याची कसोटी या कल्पनेवरच लावली पाहिजे.

२. कोणता आयन, कोणत्या स्थानी

गार्नेटाच्या सूत्रात इट्रियमचे ३, लोहाचे ५ आणि ऑक्सिजनचे १२ अणू असतात. इट्रियम द्वादशफलकी स्थानी असते. लोहाच्या ५ आयनांपैकी ३ चतुष्फलकी व २ अष्टफलकी स्थानी असतात, आणि या दोन उपजालकांची चुंबकने परस्परविरुद्ध दिशांना असतात. प्रत्येक लोह-आयनाचे आघूर्ण ५ बोर मॅग्नेटॉन धरले तर निव्वळ आघूर्ण १५ वजा १०, म्हणजे ५ येते. नेएल यांनी १९४८ साली मांडलेल्या फेरीचुंबकत्वाच्या सिद्धांताला इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. शुद्ध पदार्थाचे क्यूरी तापमान सुमारे ५६० केल्विन, म्हणजे २८७ अंश सेल्सिअस असून ते मुख्यतः या दोन लोह-उपजालकांमधील विनिमय परस्परक्रियेवर अवलंबून असते.

एवढे ध्यानात ठेवले की प्रतिष्ठापनाचे तीन प्रकार स्पष्ट दिसू लागतात, आणि त्यांचे परिणाम अगदी वेगवेगळे आहेत.

पहिला प्रकार इट्रियमच्या जागी दुर्मिळ-मृदा आयन बसविण्याचा. गॅडोलिनियमाच्या प्रतिष्ठापनाला विशेष पसंती मिळते, कारण चुंबकीय अनुनाद-प्रतिमांकनातही त्याचा उपयोग होईल अशी अपेक्षा असते. पण दुर्मिळ-मृदा लोह-गार्नेटांची क्यूरी तापमाने सुमारे ५५० ते ५८० केल्विन या अरुंद पट्ट्यातच आढळतात. लोहाची उपजालके अबाधित राहत असल्यामुळे दुसरे काही अपेक्षितही नाही. तेव्हा अशा प्रतिष्ठापनाने स्वयंनियमन साधेल असे म्हणणे युक्त नव्हे. शिवाय गॅडोलिनियमाचे ७ मॅग्नेटॉनांचे आघूर्ण लोहाच्या निव्वळ चुंबकनाच्या विरुद्ध उभे राहते. पूर्ण गॅडोलिनियम-गार्नेटाचे निरसन-तापमान, म्हणजे ज्या तापमानास दोन्ही बाजू तुल्यबल होऊन चुंबकन शून्य होते ते तापमान, सुमारे २९० केल्विन आहे. मानवी शरीर ३१० केल्विनला असते. ज्या पदार्थाचे चुंबकन नेमके शरीराच्या तापमानाजवळ लोप पावते, तो उष्णतेचा स्रोत म्हणून सुचविताना लेखकाने ही अडचण प्रथम दूर केली पाहिजे.

दुसरा प्रकार अ‍ॅल्युमिनियम वा गॅलियम यांचा. हे आयन मुख्यतः चतुष्फलकी स्थान पसंत करतात आणि त्यांनी क्यूरी तापमान निश्चित उतरते. परंतु हिशेब करून पाहावा. सूत्रामागे एक अ‍ॅल्युमिनियम पूर्णतः चतुष्फलकी स्थानी गेले, तर १० वजा १०, म्हणजे केवल शून्य तापमानासही निव्वळ आघूर्ण शून्य! प्रत्यक्षात काही अ‍ॅल्युमिनियम अष्टफलकी स्थानीही जात असल्यामुळे हा बिंदू थोडा पुढे सरकतो. तरी मुख्य गोष्ट बदलत नाही. आणि एवढे प्रतिष्ठापन करूनही क्यूरी तापमान अद्याप शरीर-तापमानाच्या बरेच वर असते. म्हणजे तापमानाची मर्यादा इष्ट जागी येण्यापूर्वीच उष्णता देणारे चुंबकन संपत आलेले असते. नियामक तयार होतो, पण ज्याचे नियमन करावयाचे ती शेगडीच विझते.

तिसरा प्रकार अष्टफलकी स्थानी अचुंबकीय आयन बसविण्याचा : इंडियम, स्कँडियम, अथवा कॅल्शियमच्या जोडीने झिर्कोनियम. यात वजा होणारी बाजू कमी होते. सूत्रामागे ०.४ इंडियम घातल्यास आघूर्ण ५ वरून ७ मॅग्नेटॉनांवर जावयास हवे, आणि अल्प प्रमाणात ते तसे वाढतेही. पुढे उर्वरित आघूर्णे परस्परांस तिरपी होऊ लागल्याने वाढ थांबते. क्यूरी तापमान मात्र सतत उतरत राहते. सूक्ष्मतरंगांच्या क्षेत्रातील अभियंत्यांस हा मार्ग जुनाच परिचयाचा आहे. उष्णोपचाराच्या दृष्टीने तीन प्रकारांत हाच अधिक आशादायक दिसतो. तरीही निबंधांत पहिल्या दोहोंचीच वर्दळ अधिक आहे.

येथेही अतिशयोक्ती नको. क्यूरी तापमान ५० अंशांवर आणले तर ४३ अंशांस चुंबकन किती उरेल? आण्विक-क्षेत्र सिद्धांताच्या साध्या हिशेबाने, आपल्या कमाल मूल्याच्या सुमारे एक-पंचमांश. क्यूरी बिंदूजवळचा उतार हा उंबरठ्यासारखा नसून घसरणीसारखा असतो, ही गोष्ट स्वयंनियमनाचे गुणगान करणाऱ्यांनी विसरू नये. मँगनाइटांवर ज्यांनी काम केले त्यांनाही हीच घसरण ओलांडावी लागते; मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत लँथॅनम-स्ट्राँशियम मँगनाइटाच्या क्यूरी-नियंत्रित निलंबनांवर झालेले काम या संदर्भात गार्नेटाच्या अभ्यासकांनी तुलनेसाठी अवश्य पाहावे.

३. उष्णतेचा जमाखर्च

प्रत्यावर्ती क्षेत्र केवळ कणांनाच तापवीत नाही. शरीरात आवर्त विद्युत्‌प्रवाह निर्माण करून ते निरोगी ऊतींनाही तापविते. १९८४ साली अ‍ॅटकिन्सन, ब्रेझोविच आणि चक्रवर्ती यांनी माणसाच्या धडाभोवती वेटोळे ठेवून जी सह्य मर्यादा ठरविली, तीनुसार क्षेत्र आणि कंप्रता यांचा गुणाकार सुमारे ४८.५ कोटी अँपिअर प्रति मीटर-सेकंद यापलीकडे जाऊ नये. लहान अवयवांसाठी ही मर्यादा दहापट सैल करता येईल असे हेर्ग्ट आणि डुट्झ यांनी २००७ साली सुचविले. प्रत्यक्ष रुग्णांवरील अनुभव या दोहोंच्या मधला आहे. जर्मनीत मेंदूच्या पुनरुद्‌भवी अर्बुदाच्या ५९ रुग्णांवर लोह-ऑक्साइडाचे कण व किरणोपचार यांच्या संयोगाने जी चिकित्सा झाली आणि जिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, तीत १०० किलोहर्ट्‌झ कंप्रता व २ ते १५ किलोअँपिअर प्रति मीटर क्षेत्र वापरले होते. वरची मर्यादा धरली तरी गुणाकार १५० कोटी होतो.

आता एक कल्पित, पण निबंधांत वारंवार भेटणाऱ्या धाटणीचे उदाहरण घेऊ. एखाद्या गार्नेट-चूर्णाने ३०० किलोहर्ट्‌झ व ३० किलोअँपिअर प्रति मीटर क्षेत्रात ग्रॅमामागे ९० वॅट उष्णता दिली. गुणाकार ९०० कोटी, म्हणजे पहिल्या मर्यादेच्या साडेअठरा पट. उष्णता कंप्रतेच्या व क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे धरून हाच आकडा १०० किलोहर्ट्‌झ व ४.८५ किलोअँपिअर प्रति मीटरवर आणला, तर ग्रॅमामागे ०.७८ वॅट उरतो. रुग्णालयातील १५ किलोअँपिअरच्या कमाल क्षेत्रात तो साडेसात वॅट होतो. ऊतीच्या घनसेंटिमीटरास सुमारे ०.१ वॅट उष्णता लागते असे साधारणतः मानले जाते. म्हणजे पहिल्या स्थितीत घनसेंटिमीटरास सुमारे १२८ मिलिग्रॅम आणि दुसऱ्या स्थितीत १३ मिलिग्रॅम गार्नेट अर्बुदात असावयास हवे. नेहमी गृहीत धरले जाणारे प्रमाण ५ ते १० मिलिग्रॅमांचे आहे. ९० या आकड्याने दिपून गेलेल्या वाचकाला हा सारा हिशेब दिसतच नाही, कारण तो मांडलेलाच नसतो.

दुसऱ्या बाजूने, म्हणजे कमाल मर्यादेकडून, हिशेब केला तरी तेच दिसते. क्षेत्राच्या एका आवर्तनात मिळणारी ऊर्जा मंदायन-वक्राच्या क्षेत्रफळाइतकी असते, आणि हे क्षेत्रफळ अत्यंत अनुकूल अशा चौकोनी वक्रासाठीही संपृक्त चुंबकन गुणिले क्षेत्र यांच्या ठरावीक पटीपलीकडे जाऊ शकत नाही. शुद्ध इट्रियम लोह-गार्नेटाचे सामान्य तापमानाचे संपृक्त चुंबकन ग्रॅमामागे सुमारे २७ ईएमयू, तर मॅग्नेटाइटाचे ९२ ईएमयू. १०० किलोहर्ट्‌झ व ४.८५ किलोअँपिअर प्रति मीटरला ही आदर्श कमाल मर्यादा अनुक्रमे सुमारे ६६ व २२४ वॅट येते. प्रतिष्ठापनाने चुंबकन ५ ईएमयूपर्यंत उतरले की ती १२ वॅट होते. घनसेंटिमीटरास १० मिलिग्रॅम कण धरल्यास गरज १० वॅटची आहे. आणि कोणताही वास्तव कण आपल्या आदर्श मर्यादेच्या आसपासही पोहोचत नाही. चुंबकन मोजण्यापूर्वीच, नुसत्या कागद-पेन्सिलीने, हा निर्णय करता आला असता.

४. संश्लेषण आणि कणांचे आकारमान

गार्नेट सहजासहजी नॅनोरूप घेत नाही. घन-अवस्थेतील विक्रियेस १३०० अंशांच्या आसपास तापमान लागते. सोल-जेल, सायट्रेट-ज्वलन आदी रासायनिक पद्धतींनी ते ७०० ते ९०० अंशांपर्यंत खाली येते. त्याहून कमी ठेवल्यास अस्फटिकी अंश अथवा इट्रियम ऑर्थोफेराइट ही दुर्बल चुंबकत्वाची प्रावस्था शिल्लक राहते. आपल्याकडील प्रयोगशाळांत साधनांची सोय पाहता ज्वलनपद्धती विशेष रूढ आहे, आणि तीत गैर काही नाही. परंतु ८०० अंशांस काही तास भाजलेले चूर्ण एकमेकांस चिकटलेल्या स्फटिकांचे असते. शेरर यांच्या सूत्राने विवर्तन-रेषेच्या रुंदीवरून निघतो तो स्फटिकांशाचा आकार होय. पाण्यात तरंगणाऱ्या कणाचा नव्हे. ‘३५ नॅनोमीटरचे नॅनोकण’ असे लिहिताना या दोहोंतील भेद पुसला जातो, आणि सुईतून शिरेत वा अर्बुदात जाणारी वस्तू प्रत्यक्षात केवढी आहे हे अनुत्तरित राहते.

आकारमानाबाबत आणखी एक समजूत मॅग्नेटाइटाकडून उसनी आलेली आहे. १५ ते २० नॅनोमीटरचे, अतिपरचुंबकीय कण उत्तम असे मानून अनेक जण गार्नेटही तितकेच लहान करण्याची खटपट करतात. रोझेन्स्वाइग यांनी २००२ साली मांडलेल्या विवेचनानुसार, कणाच्या आघूर्णाचा शिथिलन-काल क्षेत्राच्या आवर्तन-कालाशी जुळतो तेव्हा उष्णता अधिकतम मिळते. साधे एकाक्षीय सूत्र आणि एक नॅनोसेकंदाचा मूळ काल धरून, १०० किलोहर्ट्‌झ व ३७ अंशांस, हा जुळणीचा व्यास मॅग्नेटाइटासाठी सुमारे १७ नॅनोमीटर येतो, तर इट्रियम लोह-गार्नेटासाठी सुमारे ४६ नॅनोमीटर. पृष्ठभागाच्या परिणामाने विषमदिक्‌ता वाढल्यास हा आकडा खाली येईल, घनीय स्फटिकाचा खरा अडथळा धरल्यास वर जाईल. पण दोन पदार्थांतील अंतर बुजणार नाही. २० नॅनोमीटरच्या गार्नेट-कणात हा अडथळा औष्णिक ऊर्जेच्या सहा-दशांशाइतकाच असतो. त्याचे आघूर्ण क्षेत्राच्या मागोमाग अडथळ्याविना फिरते आणि उष्णता जवळजवळ देतच नाही. जपानातील एहिमे विद्यापीठात आओनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट दिशेने जाऊन इट्रियम लोह-गार्नेटाचे जाडे चूर्ण बारीक मण्यांबरोबर दळून लहान केले व दळण्याने उष्णताजनन वाढल्याचे दाखविले. आकार ठरवून मग पदार्थ करावयाचा, की पदार्थ करून मग जो येईल तो आकार स्वीकारावयाचा, यांतील फरक या कामावरून शिकण्यासारखा आहे.

५. मोजमापाची विश्वसनीयता

उष्णताजननाचे मापन वरवर सोपे दिसते : तापमानवाढीचा आरंभीचा वेग गुणिले विशिष्ट उष्णता. पण नमुन्याभोवतीचे निरोधन, तापमापीची जागा, वेटोळ्याची स्वतःची ऊब, आणि आरंभीचा वेग काढण्यासाठी निवडलेला कालखंड, या प्रत्येकातून चूक शिरते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात युरोपातील अनेक प्रयोगशाळांनी सारख्याच नमुन्यांवर मापने केली. प्रत्येक प्रयोगशाळेची स्वतःची मापने पुनःपुन्हा केली असता छान जुळत होती. पण प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतील तफावत ३० ते ४० टक्क्यांची निघाली. आपली मापने आपल्याशी जुळतात एवढ्याने ती खरी ठरत नाहीत, हा यातला बोध आहे. क्षेत्राचा वर्ग व कंप्रता यांनी भागून मिळणारा अंगभूत ऊर्जाव्यय-गुणांक देण्याची प्रथा २००९ पासून सुचविली गेली आहे. तिने निदान वेगवेगळ्या क्षेत्रांतील आकडे एका पातळीवर येतात. कोरड्या गोळीवर वा पातळ पाण्यात घेतलेले मापन ऊतींनाही लागू पडेल असे मानणे हा आणखी एक दोष. ऊतीत कण अडकून बसतो; पाण्यातल्याप्रमाणे सबंध फिरून उष्णता देण्याची त्याची वाट तेथे बंद झालेली असते. म्हणून घट्ट जेलमध्ये मापन केल्याविना तुलना पुरी होत नाही.

जैविक बाजूचाही एक प्रश्न येथे नोंदविला पाहिजे. लोह-ऑक्साइडाचे कण कालांतराने विरघळून त्यांतील लोह शरीराच्या लोहसाठ्यात जाते. इट्रियम वा गॅडोलिनियमासाठी शरीरात असे कोणतेही कोठार नाही. गार्नेट रासायनिक दृष्ट्या अतिशय स्थिर आहे, हे त्याच्या बाजूने सांगितले जाते; पण न विरघळणारा कण शरीरातून जातो कोठे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच तीव्र होतो. पेशींच्या पात्रातील २४ तासांच्या विषारीपणाच्या चाचणीने त्याचे उत्तर मिळत नाही.

६. अपेक्षा

वरील विवेचनाचा अर्थ गार्नेटाचा अभ्यास सोडून द्यावा असा नाही. प्रतिष्ठापन, स्थान-वितरण आणि चुंबकन यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे दाखविणारा दुसरा पदार्थवर्ग विद्यार्थ्याला मिळणे कठीण. त्या दृष्टीने हे काम स्वतःच मोलाचे आहे आणि त्याला वैद्यकाचे प्रशस्तिपत्र जोडण्याची गरज नाही. मात्र ते जोडावयाचेच असेल, तर चार गोष्टी निबंधात असाव्यात : प्रतिष्ठापित आयन कोणत्या स्थानी गेला याचा म्यॉसबावर वर्णपटासारखा पुरावा, शरीर-तापमानापासून ६० अंशांपर्यंतचा चुंबकन-तापमान वक्र, सह्य मर्यादेतील क्षेत्र-कंप्रतेला, जेलमध्ये अडकलेल्या कणांवर केलेले उष्णतामापन, आणि घनसेंटिमीटरास किती मिलिग्रॅम पदार्थ लागेल याचा एक ओळीचा हिशेब. यांतील शेवटच्या गोष्टीला कोणतेही उपकरण लागत नाही.

हा हिशेब प्रतिकूल निघाला, तरी तो छापण्यात कमीपणा नाही. अ‍ॅल्युमिनियम-प्रतिष्ठापनाने क्यूरी तापमान व चुंबकन ही दोन्ही हातची जातात असे स्वच्छ सांगणारा एक निबंध, आशेच्या दहा वाक्यांपेक्षा पुढच्या विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगी पडेल. कारण त्याची दोन-तीन वर्षे चुकीच्या उपजालकावर खर्ची पडणार नाहीत. आणि या साऱ्या प्रयत्नाच्या दुसऱ्या टोकाला रुग्ण आहे, तेव्हा त्याच्या नावाने लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला आधार असला पाहिजे, इतकी अपेक्षा वाजवीच म्हणावी लागेल.